तीन नंबरच्या टेबलावरचा त्रिकोण

प्रिय ठमे,

रविवारी पूलच्या संघाच्या निवडीला येणार नाहीस, क्यूची काठी कुणालाही देऊन टाका, असा निरोप धाडलास. तोही बापाच्या तोंडून. आजीशी दोन शब्द बोलली असतीस तर जीभ झिजली असती का? चौथीत शाळा सुटलेल्या बाईला पेन हातात धरायला लावलंस, वाचताना एवढं ध्यानात ठेव.

तू म्हणे, माझा ब्रेकच गेला, पहिला फोडायचा मारच बसत नाही. ब्रेक म्हणजे काय दुधाचा दात आहे, पडला नि गेला? पांढरा बॉल पंधरांवर आदळला की कोण कुठे पळेल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. तीस वर्षं या पूलच्या हॉलची झाडलोट करतेय, टेबलांची कापडं घासतेय. भले भले मिशीवाले बघितले. निम्म्या वेळा त्यांचाही ब्रेक कोरडा जातो, एक बॉल पॉकेटात पडत नाही. मग ते खडूला शिव्या देतात, बायकोला देतात, घरी जाऊन जेवतात. तुझ्यासारखं अंथरूण धरत नाहीत.

पण तुझं निम्म्यावर थांबलं नाही, हे मलाही दिसत होतं. सहा महिने रोज संध्याकाळी तीन नंबरच्या टेबलावर तू मारत होतीस आणि बॉल गाईगुरांसारखे जागच्या जागी घुटमळत होते. तू उभं राहणं बदललंस, जोर वाढवलास, खांदा दुखवून घेतलास. तुझ्या त्या शिकवणाऱ्या मास्तरांनी मान हलवली, मनगटात दम उरला नाही म्हणाले. त्यांच्या मानेला दुसरं काम नाही. मग गेल्या महिन्यातल्या सामन्यात दातओठ खाऊन असा मारलास की पांढराच उडून पंचाच्या खुर्चीखाली गेला. तिथून तू जी घरी बसलीस ती बसलीस.

या आठवड्यात मी शिंप्याला कामाला लावलं. तोच आपला, रोज दुपारी एकटा खेळायला येतो तो. तीन नंबरवर त्याला शंभर ब्रेक मारायला लावले, दर वेळी त्रिकोणात बॉल मी लावले. भिंतीवर खडूने रेघा मारत गेले. चौतीस वेळा काहीतरी पडलं. दुसऱ्या दिवशी तेच टेबल, तोच शिंपी, तोच क्यू. फक्त बॉल त्याने स्वतः लावले. शंभरात सत्तावन्न. म्हातारे, माझा दंड उतरवलास, म्हणत होता. मी त्याला चहा पाजला आणि गप्प बस म्हटलं.

आता कळलं का? सगळे आपापले बॉल लावतात. तुझेच तेवढे मी कुणाला लावू देत नव्हते, तुलाही नाही. माझ्या नातीचा त्रिकोण मीच लावणार, हा माझा तोरा. लाकडी त्रिकोणात बॉल एकमेकांना चिकटवून, मागून बोटांनी गच्च दाबून मग त्रिकोण उचलायचा असतो. फट राहिली की मार आतच जिरतो. माझी बोटं हिवाळ्यापासून दाबत नाहीत. हॉलवरच्या कामाच्या शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही, म्हणून मी शर्ट डोक्यातून घालते. तुझ्या बापाला कळलं तर मला घरी बसवेल, म्हणून बोलले नाही. तुझे बॉल नीट लागत नाहीत असा संशय मला दोन महिन्यांपूर्वीच आला होता. तेव्हाही बोलले नाही. तू रडत क्यू पुसत होतीस आणि मी शेजारी उभी राहून तुला जेवत जा म्हणून सांगत होते. तुझा हात चांगला आहे. वाईट माझा आहे. हे सांगायलाच लिहिलं, बाकी सगळं शाई वाया घालवणं. हे पत्र बापाला खुशाल दाखव, आता बसवलं घरी तर बसेन. रविवारी सकाळी आधी हॉलवर ये, शिंपी बॉल लावेल, दहा ब्रेक मार आणि मग निवडीला जा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
गुन्हा कबूल असलेली आजी