अप्पा, तुम्ही हात का जोडलेत?

प्रिय अप्पा,

नमस्कार राहू द्या आज. लातूरहून आत्ताच आले आणि चपला काढून लिहायला बसले. लातूर नवा जिल्हा झाल्यापासून तुम्ही तिथल्या कचेरीतल्या लिपिकाच्या जागेसाठी माझ्या मागे लागला होतात ना, तिची आज मुलाखत होती. घालवली मी ती. तुमच्यामुळे!

आठवतं? आपल्या भुसार दुकानात तराजूपलीकडे बसून तुम्ही साहेब व्हायचात. मुद्दाम वाकडे प्रश्न, मधेच दरडावणं! मी चिडले की म्हणायचात, "आवाज चढू द्यायचा न्हाई. आधी श्वास घे, मग बोल." ते मला आलं, अप्पा. आज तीन साहेब एकदम तुटून पडले, तरी मी शांत होते.

घात केला तो तुमच्या दुसऱ्या शिकवणीनं. "दुष्काळात दुसऱ्याचं पाणी प्यायचं न्हाई. समोर आलं तर हात जोडायचे." जळकोटहून पहाटेची एसटी, मग दोन तास बाकावर. घशाला कोरड पडलेली. आत गेल्यावर समोर ग्लास आला, आणि मी हात जोडले! तिसऱ्या प्रश्नाला आवाजच फुटेना.

"एवढं घाबरता? लोकांशी कशा बोलणार?" साहेब हसले.

घाबरले नव्हते हो मी! तहान लागली होती. पण तेवढंही तोंडातून निघालं नाही.

खरा राग वेगळाच आहे, तो येताना एसटीत कळला. उदगीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीनदा विचारलं होतं, "छातीत दुखतंय का?" आणि तुम्ही? "न्हाई, बरं हाय. आधी बाकीच्यांना बघा." डॉक्टरांपुढेही हात जोडलेत! तिथे काय पाहुणे म्हणून गेला होतात? मी शेजारीच उभी होते. रात्रभर तुम्ही कण्हलात हे मला ठाऊक होतं, तरी मीही गप्प बसले.

आपल्या लिंगायत रीतीनं बसवून तुम्हाला माती दिली, तेव्हा जो तो म्हणत होता, किती शांत चेहरा! मला ओरडावंसं वाटलं. कुणाला हवी होती ती शांती? आईला विचारलंत?

परवा नांदेडला दुसरी मुलाखत आहे. श्वास घेईन, आवाज चढवणार नाही, ते तुमचं. पण पाणी लागलं तर मागेन.

आणि उद्या आईला दवाखान्यात नेते आहे. महिनाभर पोट धरून बसते, विचारलं की म्हणते, "काही न्हाई." डॉक्टरांना खरं सांगेपर्यंत तिला खुर्चीवरून उठू देणार नाही, वचन देते.

तुमच्यावर अजून रागावलेली,
महानंदा