लेकाच्या लायसनची मुदत

२ मार्च
आजपासून भिंतीवरचं कॅलेंडर माझं! सूनबाई म्हणाली, आई, कागदांच्या तारखा आता तुम्हीच सांभाळा, आमच्या डोक्यात काही राहत नाही. हे होते तोवर कागद पत्र्याच्या पेटीत आणि तारखा ह्यांच्या डोक्यात. हे गेले, तारखाही बरोबर घेऊन गेले. मागे स्कूटरचा विमा संपून तीन आठवडे झाले तरी कोणाला पत्ता नव्हता!

दुपारी पेटी उपसली. तळाशी लेकाचा दुधाचा दात निघाला, पुडीत बांधलेला. ठेवायचा की टाकायचा ह्यात अर्धा तास गेला. ठेवला. मग नात एकेक कागद वाचत गेली, मी ठिपके देत गेले. मुदतीच्या महिनाभर आधी हिरवा, पंधरा दिवस आधी पिवळा, आठ दिवस आधी लाल. दुसरीतून शाळा सोडलेली बाई मी, आणि हाताखाली कारकून!

सगळ्यांत जवळची तारीख लेकाच्या लायसनची — दोन एप्रिल. म्हणजे हिरवा ठिपका आजच. लेक शाळेची गाडी चालवतो. सव्वीस पोरं, त्यात आमची नातही. संध्याकाळी आल्या आल्या त्याला सांगितलं. म्हणाला, बघतो.

७ मार्च
परत सांगितलं. बघतो.

१८ मार्च
पिवळा ठिपका. जेवताना आठवण केली तर भरल्या ताटावरून उठला. सूनबाई म्हणाली, तुमच्या ठिपक्यांनी घराला गोवर आलाय. मला हसू आवरेना. मग त्याचं ताट झाकून ठेवलं. लायसन गेलं तर शाळा दुसरा ड्रायव्हर बघणार, आणि ह्याला दुसरं येतं काय? विसाव्या वर्षापासून स्टिअरिंगच धरलंय.

नंतर आपणहून माझ्या खोलीत आला. हातात एक कागद. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर असतो ना, तसला तक्ता — वर एकच मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. लायसन परत काढताना डोळे तपासतात, त्या ऑफिसातलाच आहे म्हणाला, कोणाकडून तरी मिळवलाय. माझा सराव घे, ऐनवेळी माझी बोबडी वळते. खरंच आहे ते. गुरुजींनी उभं केलं की पाठ असलेलंही विसरायचा.

२१ मार्च
रोज संध्याकाळी आमची शाळा भरते. मी पलंगावर, तो दाराशी उभा. छडी नाही म्हणून मी उलथनं धरते! चौथ्या ओळीत 'घ'च्या पुढे 'भ' आहे, तिथे अडखळायचा, मग मी सांगायचे. आज नाही अडखळला. तो लहान असताना मला अभ्यास घेता आला नाही, येतच काय होतं मला? आता ह्या वयात मिळतंय. नशीबच म्हणायचं.

२५ मार्च
लाल ठिपका. ऑफिसने तीस तारीख दिलीय म्हणाला.

संध्याकाळी पाचही ओळी धडाधड म्हटल्या. एकही चूक नाही. मी अक्षरावर बोट ठेवून ठेवून तपासत होते. शाबास म्हटलं, कागद खाली ठेवायला गेले आणि हात तसाच राहिला.

अक्षरं माझ्याकडे होती. त्याच्याकडे कोरी बाजू.

२६ मार्च
सकाळी गाडीच्या काचा पुसताना एकटा सापडला. विचारलं, कधीपासून? त्याने आधी गाडीचं दार लावून घेतलं. दीड वर्ष. कडेकडेचं दिसतं, मधोमध धूर. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही जाणार. सूनबाईला माहीत नाही.

"रस्ता मला पाठ आहे, आई."

"आणि रस्त्यावरची माणसं?"

फडकं पिळत राहिला. त्यात पाणीच उरलं नव्हतं. म्हणाला, "मग करू काय, तूच सांग."

सातला गाडी निघाली. नातीने खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

२७ मार्च
तक्ता काढला नाही. त्यानेही मागितला नाही. आता गरजच काय? सगळं पाठ आहे, मीच करून घेतलंय.

२९ मार्च
दिवसभर मनात, हे असते तर! पण ह्यांनी तरी काय केलं असतं? डोळे म्हणजे कागद का, मुदत वाढवून आणायला?

भाजी करपली.

३० मार्च
पास झाला. पाच वर्षांची मुदत. तोवर नात बारा वर्षांची होईल. सूनबाईने शेजारी दोन घरी सांगूनही टाकलं. लेक माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे की माझ्या मागच्या दिव्याकडे, कळलं नाही.

३१ मार्च
ऑफिसात गेले. एकटी, दोनदा वाट विचारून. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तक्रार कोणाबद्दल? लेकाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. करतंय कोण?

"त्याची आई. त्याला दिसत नाही हो."

त्यांनी एकदा वर बघितलं, मग कागद पुढे सरकवला. मी सही केली.