दुपट्ट्याखालचा आकडा

३ नोव्हें., सोम.
आजची शर्यत सीताफळाच्या बियांची. एसटी स्टँडवर, रशीदभाईच्या कँटीनवर ११ वाजता. माझा आकडा ५२, नानांचा ४१. फोडून मोजल्या: ४३. हरलो. नियमाप्रमाणे चहाचे दोन ग्लास मीच हातानं आणून दिले.
नाना : "मिस्तरी, मोटारीतून डोकं बाहीर काढ जरा."
नाना ७९, मी ५६. दोन वर्षांपूर्वी त्यांना नावं आठवेनाशी झाली. कारंज्याचा डॉक्टर म्हणाला, डोक्याला रोज काम द्या, शब्दकोडी सोडवा. नाना म्हणाले, "कोडं कायले? शर्यत लावतो ना." तेव्हापासून रोज एक. बस किती मिनिटं उशिरा, भोपळा किती किलोचा, काहीही. खरं तर माझंही डोकं त्यानंच चालतं.
आकडा तोंडानं सांगायचा नाही. नानांची जुनी सवय. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा नि खाली बोटं धरायची. पूर्ण पंजा म्हणजे पाच, पंजा नि एक बोट म्हणजे सहा. आधी शेकडे, मग दहाई, शेवटी सुटे. वहीत मी लिहितो. माझ्या वहीवर गावात कोणी शंका घेत नाही.

५ नोव्हें., बुध.
शर्यत नाही. नानांचे गुडघे. दुकानात एकटाच बसलो नि जुनं आठवत गेलं.
मी एकोणीस वर्षांचा. दहावी नापास, वाइंडिंग, म्हणजे पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरणं, कोणी शिकवायला तयार नाही. जळकी मोटार विकत घेऊन एकेक तार उलगडत होतो, टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजून कागदावर मांडत होतो. नाना तेव्हा व्यापाऱ्यांसाठी संत्र्याचे बगीचे बघत फिरायचे. झाडाभोवती एक चक्कर मारली की किती फळ ते सांगायचे, नि त्यावर अख्ख्या बगीच्याचा सौदा व्हायचा. दुकानाशी सायकल लावली, मी उलगडत होतो तसलीच एक कॉइल हातात तोलली, म्हणाले, "अडुसष्ट." मी मोजले, ७०. म्हणाले, "दोन तुह्या बापाचे." म्हणजे काय ते अजून कळलं नाही. पण त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय

(गिऱ्हाईक आलं. राहिलं.)

९ नोव्हें., रवि.
मोठी शर्यत. आणि ही माझ्याशी नाही, प्रमोदशी. प्रमोद म्हणजे नानांचा मुलगा, पुण्याला असतो. पंधरा दिवसांची सुट्टी काढून आला तो नानांना घेऊनच जायचं म्हणतो. गेल्या महिन्यात नाना गॅस चालू ठेवून कँटीनवर आले होते. त्याचंही चूक नाही.
नाना : "माह्यं डोकं गेलं म्हनतं ना तू? इहिरीजवळचं झाड सांगतो. पन्नासच्या वर चुकलो तर येतो तुह्या पुन्याले. नाई चुकलो तर नाव काढू नको."
प्रमोद हसला, हो म्हणाला. "मिस्तरीकाका लिहितील."
विहिरीजवळ फक्त तेच एक संत्र्याचं झाड उरलंय. नानांनी काठी टेकत चक्कर मारली. पूर्वी एक पुरायची, आज तीन मारल्या. वर पाहताना ओठ हलत होते. मग दुपट्टा टाकला, बोटं दिली. बोटं थंडगार. घरी येऊन लिहिलं. नाना ६७०. माझा आपला उगाच, ८१०.
परतताना म्हणाले, "कामरगाव सोडून मी पुन्यात कायची शर्यत लावू? लिफ्ट किती वेळात येते त्याची?"

१६ नोव्हें., रवि.
तोडा झाला. फळं प्रमोदनं मोजली, मी परत मोजली. ७५२.
वही उघडली, वाचलं : सहाशे सत्तर. ८२ नं चुकले.
नाना : "नाई बाप्पा. म्या सातशे साठ देल्ले."
मी म्हणालो, नाना, इथं लिहिलंय. वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
"असन. वही कायले खोटं बोलन."
प्रमोदनं वडिलांचा हात धरला. सोमवारची, २४ ची गाडी ठरली.
मी बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं. तरी चहा न घेताच निघालो.

१८ नोव्हें., मंगळ.
कँटीनवर नाना आले नाहीत. रशीदभाईनं सवयीनं दोन ग्लास भरले, मग एक परत ओतला.
मला आठवतं, एका बगीच्यात व्यापाऱ्यानं नानांना हळूच सांगितलं होतं, आकडा कमी बोला. नाना मालकासमोर म्हणाले, "डोये माहे हायत, तुमचे नाई." त्या हंगामात त्यांना कोणी बोलावलं नाही. उन्हाळाभर सायकल दारात उभी.

२० नोव्हें., गुरु.
इंझोरीच्या शेतकऱ्याची मोटार परत आली. गेल्या पंधरवड्यात भरून दिलेली, तापून जळली. छत्तीस वर्षांत परत आलेल्या मोटारी चार. ही पाचवी.
उघडली. कॉइलला टर्न ४६. जुनी मोटार उलगडताना मोजलेले ६४, भिंतीवर खडूनं माझ्याच अक्षरात अजून आहेत. वहीत उतरवताना ४६ झाले, नि मी वहीवरून भरली.
दुकान बंद केलं. मागची सगळी पानं काढून बसलो. कँटीनवरचा भोपळा, तराजूवर साडेतेरा किलो भरला होता. मी साडेएकतीस लिहिलाय. भोपळा साडेएकतीस किलोचा असतो का? आणि मला ते तेव्हा खटकलंही नाही.
आणखी दोन सापडले. मग सहाशे सत्तर नि सातशे साठ.

२१ नोव्हें., शुक्र.
बोटं आठवायचा प्रयत्न. शेकड्याला पंजा नि दोन बोटं. की एक? हात म्हणतो दोन. पण हाताला मी काय म्हणायला लावतोय ते मलाच कळत नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, "मंग जाऊन सांगा ना. इथं कायले बसून राह्यले?"
सोपं आहे का? मिस्तरीचे आकडे उलटे पडतात हे उद्या स्टँडवर पसरलं की मोटार कोण टाकणार? आणि ते जाऊ दे. शिकवणारं कोणी नव्हतं. जे होतं ते मोजणंच होतं.

२३ नोव्हें., रवि.
गेलो. सकाळी, आंघोळ करून. वही, जळकी कॉइल, दोन्ही घेऊन. नाना खाटेवर, प्रमोद बॅग भरत होता. सगळं सांगितलं, पानं दाखवली.
प्रमोदनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात, "काका, तुमचा नानांवर जीव आहे, समजतं मला. पण त्यांच्यासाठी असं स्वतःवर घेऊ नका."
म्हणजे खोटं बोललो असतो तर पटलं असतं. कॉइल त्याच्या हातात दिली, म्हटलं मोज. त्यानं बघितली नि खाली ठेवली. त्याला त्यातलं काय कळणार.
नानांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग :
"तुले पक्कं आठवते का, म्या सात देल्ले?"
"नाही, नाना. पक्कं नाही."
"हं. मले बी आता नाई."
मग कॉइल उचलून तोलली. आकडा काही बोलले नाहीत.
"काहून रे मिस्तरी, डॉक्टरले दाखोलं का?"
"नाही."
"एकटा जाऊ नको. तो लय प्रश्न इचारते, वार कोन्ता, महिना कोन्ता. मले पाठ हायत. मी येतो संगं. मंगयवारी जाऊ कारंज्याले, सकायच्या गाडीनं."
पुण्याची गाडी उद्या, सोमवारची. प्रमोदचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर पाहत होते, तोंडावरून काहीच कळेना.
विसरले की मुद्दाम ठरवलं, आम्हा दोघांपैकी कोणी विचारलं नाही.
"बरं," म्हणालो. तिथंच वही उघडून लिहिलं. मंगळ. २५, नाना, कारंजा. दोनदा वाचून पाहिलं.