पहिली तीन पेडलं

पलाटका, फ्लोरिडा
मार्चचा तिसरा सोमवार

प्रिय आर्लेथा,

तुझी आई म्हणते, "फोन कर की, जीभ झिजते का तुमची?" पण फोनवर आपलं दोघांचं हवामानाच्या पुढे कधी गेलंय? म्हणून पत्र. अक्षर वाकडंतिकडं आहे, तो दोष संधिवाताचा, माझा नव्हे.

आधी चर्चची बातमी. गेल्या सोमवारी आपल्या पाळकबाई, एल्डर गिडन्स, घरी येऊन गेल्या. बाईंनी रताळ्याच्या पायचे दोन तुकडे खाल्ले, बोटं पुसली आणि मग मुद्द्यावर आल्या. "ब्रदर होबर्ट, सत्तेचाळीस वर्षं स्टील गिटार वाजवलीत, आता बोटं तुमचं ऐकत नाहीत. ईस्टरपासून गिटारीच्या बाकावर कोण बसणार ते सांगा, नाहीतर मी ऑर्लँडोचा कीबोर्डवाला बोलावते." कीबोर्ड! अगं, आपल्याकडे प्रवचन रंगात आलं की गिटारीने हुंकार द्यायचा, कुणी रडायला लागलं की तिनेही रडायचं. ते काय बटणं दाबून होतं? मी त्यांना म्हटलं, आधी गिटार साफ करू दे, मग नाव सांगतो. नाव ओठांवरच होतं. पण ते घ्यायला मला तोंड राहिलं नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी रजई अंथरली आणि गिटार पालथी घातली. ज्यांच्यावर ती टेबलासारखी आडवी उभी असते ते चारी पाय काढले, पायाने दाबायच्या पेडलांचा दांडा काढला, तारा उतरवल्या. तुझ्या आईचा बारा खळग्यांचा मफिनचा साचा गुपचूप पळवला आणि एकेका खळग्यात एकेका पेडलचे स्क्रू ठेवले. तिने पाहिलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं, रविवारी एल्डरबाईंना स्क्रूच वाढते." पण दिवसभर टॉर्च तिनेच धरला, आणि माझ्या हातून निसटलेले तीन स्क्रू फ्रिजखालून तिनेच काढले. आत काय घाण होती म्हणून सांगू! काळं, चिकट तेल, त्यात बसलेली धूळ, आणि चर्चच्या आजीबाई मदर पिटमनच्या टोपीचं एक जांभळं पीस. ते आत कसं गेलं, देवच जाणे. लायटरच्या इंधनात टूथब्रश बुडवून एकेक कड घासली, कापडाने पुसली आणि टाचणीच्या टोकाने शिलाई मशीनचं तेल सोडलं, थेंबभरच. कुठे घाई नाही, कुठे जायचं नाही. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

गिटार अशी पालथी पडली की तिच्या पोटातलं सगळं उघडं दिसतं. कुठल्या पेडलची सळई कुठली तार ओढून सूर बदलते, ते तिथे कळतं. पहिली तीन पेडलं काहीजण एका क्रमाने लावतात, काहीजण बरोबर उलट्या. सूर तेच, फक्त पहिल्याचं काम तिसरं करतं आणि तिसऱ्याचं पहिलं. पण एकदा एक क्रम पायात बसला की मरेपर्यंत निघत नाही. तू मात्र क्रम निवडला नव्हतास. पाच वर्षांची असल्यापासून तू प्रार्थनेच्या वेळी माझ्या समोर जमिनीवर बसायचीस, पेडलांच्या दांड्याच्या पलीकडे. तिथून तुला माझे हात दिसायचे नाहीत, फक्त बूट दिसायचे. घरी येऊन टेबलाखाली लाकडाचे तीन ठोकळे मांडायचीस आणि पायांनी दाबत बसायचीस. समोरून पाहिलेलं सगळं उलटं बसलं. अकराव्या वर्षी तुला बाकावर बसवलं आणि पहिल्याच गाण्याला तुझे पाय भलतीकडे पडले. मी हसलो. नंतर चिडायला लागलो. माझ्या वडिलांची गिटार, माझ्या वडिलांचा क्रम! तू आठ वर्षं माझ्या क्रमाशी झटापट केलीस, आणि माझ्या मनातही आलं नाही की सळ्या बदलता येतात. खोटं कशाला बोलू? मनात आलं होतं. मी हट्टाने बदलल्या नाहीत.

मग तो मोठ्या मेळाव्याचा दिवस. माझा हात सुजला होता, मी तुला पुढे केलं. सगळा जमाव नाचत दानपेटीकडे निघाला होता आणि तुझा पाय चुकला. सूर असा काही विव्हळला की माणसं जागीच थांबली. तेव्हा मी चारशे लोकांसमोर म्हणालो, "उलट्या पायांच्या पोरीचं देवाने तरी काय ऐकावं?" लोक हसले. तू उठलीस, दाराबाहेर गेलीस आणि एकोणीस वर्षं गिटारीला हात लावला नाहीस.

थँक्सगिव्हिंगला तू आली होतीस तेव्हा जेवताना रेडिओ चालू होता. माझा रुमाल खाली पडला, तो घ्यायला वाकलो तर टेबलाखाली तुझे पाय चालले होते, मोजे घातलेले. तुझ्या क्रमाने, आणि एकही चूक नाही. मी रुमाल घेतला आणि जेवत राहिलो. मला बोलायचं धैर्य झालं नाही गं.

बुधवारी गिटार परत जोडायला घेतली. पहिल्या पेडलच्या सळ्या तिसऱ्याला लावल्या, तिसऱ्याच्या पहिल्याला. तुझी आई टॉर्च धरून बघत होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्या कामाला तीन तास लागले. तीन तास, आर्लेथा! एवढंच काम होतं ते.

आणि काल, रविवारी, मी ती तशीच वाजवायला बसलो. घरी सराव केला होता, वाटलं निभावून नेऊ. कसलं काय! एल्डरबाईंचं प्रवचन रंगात आलं आणि माझा पाय गेला भलत्या पेडलवर. तेच विव्हळणं, तसंच. पण कुणी हसलं नाही. मदर पिटमन उभ्या राहिल्या, ब्याण्णव वर्षांच्या, आणि ओरडल्या, "सांभाळ रे देवा त्याला! वाजव बाळा, वाजव!" मग सगळेच टाळ्या वाजवत म्हणायला लागले, वाजवा, वाजवा. मला त्यांनी जणू हातावर झेलून पलीकडे नेलं. एकोणीस वर्षांपूर्वी हे काम माझं होतं. तुझ्यासाठी ते ओरडायला मी उभं राहायला हवं होतं.

मनातलं सगळ्यांसमोर सांगायची, साक्षीची वेळ आली तेव्हा मी माइक मागून घेतला. मी चारशेंसमोर बोललो होतो. काल साठच जण होते, पण त्यातल्या निम्म्यांनी ते तेव्हा ऐकलेलं होतं. मी सांगितलं की माझी मुलगी चुकली नव्हती. ती मला बघून शिकली, मी तिच्या बाजूने कधी बघितलं नाही, आणि वर तिची लाज काढली. तुझं नाव घेऊन माफी मागितली. रडलोही, लपवत नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून आज पत्र लिहायला बसलो. बाकावर कोण, हे एल्डरबाईंनी नंतर पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाव तुम्हा सगळ्यांना आत्ताच ऐकवलं, पण हो म्हणायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. तुला यायचं नसेल तर तो कीबोर्डवाला येऊ दे, मी तक्रार करणार नाही, तुझ्यावर रागावणारही नाही. पण सळ्या मी परत फिरवणार नाही. आता त्या गिटारीवर माझा पाय चुकतो, तुझा चुकणार नाही.

तुझाच,
डॅडी