ग्रेसीच्या कपाळावरचा गुलाल

रविवार, ८ एप्रिल १९३४

आज दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी भैरोबाच्या माळावर माझ्या डोळ्यांदेखत चोरी झाली!

माझी घोडी ग्रेसी पहिली आली. मानेच्या फरकाने नव्हे, मागे बैलगाडी मावेल एवढ्या अंतराने. आणि पंचांचा म्होरक्या तम्मण्णा गुलालाचे ताट घेऊन तिच्या समोरून सरळ पुढे गेला, मागून धापा टाकत आलेल्या कल्लाप्पाच्या म्हाताऱ्या घोड्यापाशी थांबला आणि त्याच्या कपाळाला गुलाल लावला. इथे ज्याला गुलाल, तो पहिला. पालखीपुढे चालायचा मान त्याचा. लगेच हलगी सुरू!

मी उभी राहून जाब विचारला. माणसे पागोटी सावरत दुसरीकडे बघू लागली. पाहुणे म्हणून चिकोडीचे मामलेदार शेजारच्या खुर्चीवर होते, तेही पायाकडे बघत बसले. तम्मण्णा एवढेच म्हणाला, "आक्का, ऊन लागंल. घराकडं चला."

ऊन! सारा जन्म बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेला माझा. दुसरीचे बघून लिहिणारी मुलगी फळ्याकडे तोंड असतानाही ओळखत असे मी.

सोमवार, ९ एप्रिल

मष्णूला फैलावर घेतले. ग्रेसीवर स्वार तोच होता. निशाणाजवळ तिची मान वर गेलेली मी पाहिली होती. लगाम खेचलास?

"वाईच."

का, ते सांगेना. नखे कुरतडत उभा. म्हणजे तोही फुटलेला. पण मूर्खाने खेचूनही घोडी जिंकली, हे तिचे रक्त!

स्वयंपाकाच्या रुक्माबाईंचे वेगळेच. भाकरी थापता थापता म्हणतात, घोडी दावणीला आहे ना, मग जाऊ द्या की बाई. कल्लाप्पाची बायको यांची मावसबहीण लागते. ध्यानात ठेवले आहे.

मंगळवार, १० एप्रिल

टांगा जोडून देवळात गेले. मागच्या गोठ्यात गेल्या वर्षी पहिला आलेला घोडा अजून बांधलेला! पोट सुटले आहे. कोणाचा म्हणून विचारले, तर गुरव म्हणतो, देवाचा. वा! लोकांची जनावरे मानाच्या नावाखाली अडकवून ठेवायची आणि पंचांनी वापरायची. एकेक धागा सापडतो आहे.

बुधवार, ११ एप्रिल

कल्लाप्पा आला. सोबत काकड्यांची पाटी. उंबऱ्याच्या आत येईना.

"माझा नवस हुता, बाई. पोरगं तापातनं उठलं. तुम्ही ह्यो इषय वाढवू नगासा."

नवसाचा आणि शर्यतीचा काय संबंध? तर म्हणे, ते बोलायचं न्हाय. लाच दारातूनच परत पाठवली. काकड्या कोवळ्या होत्या.

गुरुवार, १२ एप्रिल

झोप नाही. मानाची हाव आहे का मला? नाही. दादा गेल्यावर हे घर आणि ही घोडी एवढेच हाती आले. गुडघे चालू देत नाहीत. ग्रेसी आहे म्हणून निपाणीचा बाजार आहे, टपाल आहे, चार माणसांची तोंडे दिसतात. ती नसेल तर मी खुर्चीतली एक म्हातारी. पेन्शन घेऊन दोन वर्षे झाली इथे, पण माझा आवाज ओळखून मान वळवणारी या गावात ती एकटीच. तिच्यावर अन्याय झाला आणि मी गप्प बसायचे? खोटे पाहून गप्प बसणारा त्यात भागीदार असतो, असे आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणत.

मामलेदारांना पत्र टाकले. त्यांची बायको माझी विद्यार्थिनी. येतीलच.

सोमवार, २३ एप्रिल



मामलेदार आले. देवळापुढे पंच बसले. मी ग्रेसीला टांग्यातून सोडून समोर उभी केली, पुरावा म्हणून. मामलेदारांनी तम्मण्णाच्या हातावर शपथेचा बेलभंडारा ठेवला आणि विचारले, खरे बोला, पहिली कोण?

तम्मण्णा देवाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. "आक्का, अजून येळ हाय. नगं म्हणा."

मला धमकी वाटली. मी म्हटले, खरे काय ते सांगा.

"घोडी पहिली," तो म्हणाला आणि तिच्या कपाळाला गुलाल लावला. हलगी वाजली नाही. गुरवाने मष्णूच्या हातून लगाम घेतला आणि ग्रेसीला मागच्या गोठ्याकडे नेले.

पालखी तर होऊन गेली, आता परत कधी पाठवता, असे मी विचारले.

तम्मण्णा खाली बघून बोलला. "गुलाल लागला की जनावर देवाचं, आक्का. पुन्हा कुणी बसत न्हाय, गाडीला जुपत न्हाय. म्हणून ज्येचा नवस, त्येचाच घोडा आमी पयला काढतो. समद्या गावाला ठाव हाय."

मग मला का नाही सांगितले?

"देवाला चुकवतोय, हे देवाच्या दारात कसं बोलावं?"

मामलेदारांनी घड्याळ पाहिले. त्यांच्याच मोटारीतून घरी आले. टांगा माणसांनी ओढत आणला.

मंगळवार, २४ एप्रिल

कल्लाप्पाचा घोडाही देवाचाच राहणार म्हणे. दिलेले परत घेत नाहीत. माझ्यामुळे एका वर्षी दोन गेले.

बुधवार, २ मे

घोडी परत मिळावी म्हणून लिहिले होते, त्याला मामलेदारांचे उत्तर: देवस्थानची रूढी, सरकार हात घालत नाही. निकाल मात्र 'सत्यास धरून' झाल्याबद्दल माझे अभिनंदन! पत्राने चूल पेटवली.

तम्मण्णाच्या बायकोचा निरोप: कधीही येऊन घोडीला चारा घालून जावे. ही दया कशासाठी? मी तिच्या दयेवर नाही.

गुरुवार, ३ मे

चालत गेले. ग्रेसीने मान वळवली.

शनिवार, ७ जुलै

मष्णू सकाळी देवळाच्या गोठ्यातून पळत आला. ग्रेसी गाभण आहे! माघातली, म्हणजे शर्यतीच्या आधीची.

आत्ताच तम्मण्णाला लिहिले: शर्यतीत घोडी धावली, शिंगरू धावले नाही. गुलाल घोडीला लागला, शिंगराला नाही. सबब त्यावर देवाचा हक्क कसा पोहोचतो, ते शुक्रवार, ता. १३, दुपारी बारापर्यंत लेखी कळवावे. तोंडी उत्तर घेतले जाणार नाही.