दुहेरी फडक्याचं पाणी

अंबाजोगाई, ७ जून १९९६

ती. अण्णास, धाकट्या रुद्राणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि संतापाने जेवण सोडून लिहायला बसले. तुझी ईश्वरी चार वर्षांची पोर. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि तू शेजारच्या कडूबाईकडून तिची नजर उतरवून घेतोस? मीठ-मिरच्या चुलीत टाकून जुलाब थांबत असते, तर मी इथे मेडिकलला डोळे फोडून कशाला शिकले असते? तिथल्या डॉक्टरांच्या औषधाने ती महिनाभर बरी होती, मग पुन्हा तेच, असं तूच लिहितोस. म्हणजे काहीतरी परत परत तिच्या पोटात जातंय.

तिची सकाळची शी कोरड्या, स्वच्छ डबीत घालून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठव. मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघते. वहिनीला नमस्कार. रागावले तरी बहीण तुझीच आहे, हे असू दे लक्षात.

तुझी रुद्राणी

धारूर, ११ जून

चि. रुद्राणीस, अण्णाचे अ. उ. आ.

डॉक्टर व्हायच्या आधीच आम्हाला घाणेरडं ठरवलंस, शाबास! आपल्या घरात दुहेरी फडक्याने गाळल्याशिवाय पाणी कुणाच्या तोंडाला लागत नाही, विसरलीस? आपल्या अप्पांच्या पोटरीतून नारूचा लांब किडा काडीवर गुंडाळून ओढला, तेव्हापासूनचा हा नेम. तेव्हापासून घरात नारू नाही. हे काम मी बायकांवरही टाकत नाही. रोज पहाटे मीच गाळतो आणि फडकं घागरीत पिळून घेतो. टँकरचं पाणी, थेंब वाया घालवून कसं चालेल? त्याच पाण्याने लिंगपूजा करतो आणि पहिलं तीर्थ माझ्या तळहातावरून ईश्वरीला देतो. त्यात तुला किडे दिसतात?

लोक एसटीने खवा पाठवतात, आम्ही हे पाठवायचं! कंडक्टरला लोणचं आहे म्हणून सांगितलंय. तब्येत सांभाळ आणि जीभही.

मृत्युंजय

अंबाजोगाई, १२ जून

ती. अण्णास सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. मी पाहिलं, कॉलेजच्या मॅडमनाही दाखवलं. जिआर्डिया नावाच्या जंतूचे कोष भरपूर आहेत. नारू पाण्यातल्या ज्या बारीक किड्यांतून येतो, ते फडक्यात अडकतात. हे कोष त्यांच्याहून कितीतरी बारीक, फडक्यातून आरपार जातात. पाणी उकळा. ईश्वरीला हा कागद घेऊन डॉक्टरांकडे ने. हात जोडते, उशीर करू नकोस.

रुद्राणी

धारूर, १५ जून

चि. रुद्राणीस अ. उ. आ.

सापडलीस! ती डबी ईश्वरीची नव्हतीच, माझी होती. तुझी परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दाम पाठवली. मी तीन भाकऱ्या पचवतो, दुकानातली पोती एकटा उचलतो. धडधाकट माणसाच्या पोटात रोग दाखवणारं तुझं यंत्र खोटं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आता सोमवारी कडूबाई गंडा बांधणार, तोवर पोरीचं दूध बंद.

वहिनीचा आशीर्वाद तुला आहे. माझा राग उतरला की पाठवीन.

मृत्युंजय

अंबाजोगाई, १७ जून

ती. अण्णा,

आधी रागाने रडले, मग भीतीने. यंत्र खोटं नाही. हे कोष धडधाकट माणसाच्या पोटात मुक्काम करतात, त्याला काही होत नाही. शौचाला गेलं की हाताला लागतात, नखांत बसतात. पाणी वाचवायचं म्हणून आपण परसाकडून येऊन मातीने हात घासतो, वर चूळभर पाणी. त्याच हाताने तू फडकं पिळतोस. त्याच तळहातावरून तीर्थ देतोस. औषधाने ती बरी झाली होती अण्णा. बहुतेक तुझ्याच हातून ते परत तिच्या पोटात गेलं.

तुला ते कुठून लागलं, सांगता येत नाही. माझा खरा राग नारूच्या सरकारी मोहिमेत 'पाणी गाळून प्या' असं भिंतीभिंतीवर रंगवून गेले त्यांच्यावर आहे. नारू गेला तसे रंगारीही गेले. उकळा, साबण लावा, हे लिहायला कुणी आलं नाही. तुझ्या दुकानात बाटलीतलं रंगीत पाणी थेट पोचलं, नळ मात्र दारात पोचला नाही!

घरातले सगळेच डॉक्टरांना दाखवा. दूध देत राहा, मात्र उकळून. शिव्या दे, पण हे एवढं ऐक.

रुद्राणी

धारूर, ८ जुलै

चि. रुद्राणीस, तुझ्या अण्णाचे सगळे आशीर्वाद, राहिलेलेसुद्धा.

औषध सगळ्यांनी घेतलं. पाणी उकळतो. ईश्वरी आता भाकरी मागून खाते. गंड्याने गुण आला असं कडूबाई म्हणाली, तर मी तिच्यावर भर गल्लीत ओरडलो. राग तिच्यावर नव्हता.

पूजा झाली की पोर सवयीने ओंजळ पुढे करते. साबणाने हात धुतलेले असतात, तरी माझा तळहात पुढे होत नाही. पळीने देतो. तुमी हातानं कावून देत न्हाई, असं ती रोज विचारते. तिला काय सांगू, ते तेवढं लिहून कळव.

मृत्युंजय