उतरती रेघ

१२ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला सांग, पिल्लाला पापा. इकडे सगळं ठीक आहे. (हे सवयीनं लिहिलं.) फोन केला असता, पण आई शेजारच्याच खोलीत आहे, म्हणून मेल.

आईची तब्येत बरी आहे. जरा जास्तच बरी आहे. काल तिने बाबांची गादी उन्हात टाकली, त्यांच्या शर्टांना इस्त्री केली, आणि आज सकाळपासून दाराकडे खुर्ची करून बसली आहे.

सांगतेच. आमची संस्था हरवलेल्या माणसांचं वेबपान चालवते, ते मी सांभाळते. माणूस सापडला की फोटोवर कोपऱ्यातून कोपऱ्यात चढती रेघ. शोध थांबवला की उतरती. आईला हे मीच शिकवलं, कारण ती रोज फोनवर बाबांचा फोटो बघते.

बाबा घरातून निघाले त्याला वर्ष झालं. ('गेले' म्हणायची मला भीती वाटते.) वर्षानंतर शोध थांबतो. साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. तुला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो." मी म्हटलं, माझ्या बाबांवर दुसऱ्या कुणी का रेघ मारावी?

झालं, हात दाखवून अवलक्षण! आम्ही रेघ थेट काढत नाही. एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे रंग सोड, असं संगणकाला लिहून सांगायचं. मध्ये रंग बदलतो तिथे, त्या दिशेला आडवी, रेघ उमटते. म्हणजे रेघ खाली उतरवायची तर 'वर उजवीकडे' लिहावं लागतं. रोजचं काम आहे माझं. पण या वेळी डोळ्यांसमोर फक्त खाली उतरणारी रेघ होती. मी 'खाली उजवीकडे' लिहिलं, आणि पान पुन्हा उघडून बघितलंच नाही. बघवत नव्हतं.

रेघ चढली, दादा. आईने बघितली.

"अगं, सापडले! आणि तू गप्प? समजलं हो, मला अचानक सुखाचा धक्का द्यायचा होता ना!" माझे गाल धरून हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मी 'चहा टाकते' म्हणून आत पळाले, आणि खरं काय ते अजून तिला सांगितलेलं नाही.

एकच शब्द बदलायचा आहे. 'खाली'च्या जागी 'वर'. माझ्याच्याने होत नाही. तू ये. बेल वाजली की ती बाबा समजूनच धावत येईल, हे मनात धरून ये. तिला आधी घट्ट धर. मग मी तो शब्द बदलते.

तुझी वाट बघणारी, आणि तोवर रेघ चढतीच ठेवणारी,
छोटी